हातांचें शिक्षण कोणाच्या मुलासाठीं?

दहावीचा निकाल लागला म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांतून दोन प्रकारचीं बोलणीं ऐकूं येतात. मुलगा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला असला तर पाळकसाहेबांस बोलावणें जातें, उपकारस्तुतीची प्रार्थना होते, पेढे वाटले जातात, आणि मुलानें विज्ञान शाखेंत जावें असें ठरतें. मुलगा कसाबसा पार पडला असला, अथवा एकदोन विषयांत राहिला असला, तर बाप ओट्यावर बसून म्हणतो, "आतां ह्याला आयटीआयला टाकूं." पहिल्या मुलाविषयीं आपण ‘कॉलेजांत पाठविला’ असें म्हणतों, दुसऱ्याविषयीं ‘टाकला’ म्हणतों. बोलणाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नसतें. परंतु तो दुसरा मुलगा ओट्याच्या आड उभा राहून तो शब्द ऐकत असतो, आणि आपली किंमत काय ठरली हें त्यास कळून चुकतें.

शाळेनें मुलांस हातांचें काम शिकवावें कीं नाहीं, हा वाद आतां फारसा उरलेला नाहीं. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें इयत्ता सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना राहून सुतार, माळी, कुंभार अशा गांवच्याच जाणत्या माणसांजवळ काम शिकावें असें सुचविलें. आणि २०२५ सालापर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांस व्यवसायशिक्षणाचा अनुभव मिळावा असें ध्येय ठेविलें. तेव्हां शिकवावें हें ठरलेंच आहे. आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा प्रश्न निराळा आहे, आणि तो पैशाचा नसून नीतीचा आहे: हें शिक्षण कोणाच्या मुलासाठीं? तें दिल्यानें त्या मुलापुढील दार उघडतें कीं लागतें?

आपल्या उपदेशांत श्रमाची थोरवी पुष्कळ वेळां येते. प्रभु येशूनें नासरेथांत सुतारकाम केलें हें शब्बाथ शाळेंतील लहान मूलही सांगतें. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायांत बसालेलाविषयीं जें लिहिलें आहे तें उपदेशकांस ठाऊकच आहे. त्यास देवाचा आत्मा मिळाला तो भविष्य सांगण्यासाठीं नव्हे, तर सोनें, रुपें, पितळ व लांकूड ह्यांवर कुशलतेनें काम करण्यासाठीं. हीं वचनें आपण आनंदानें वाचतों. पण, बंधूंनो, उपदेशपीठावरून खालीं उतरल्यावर आपल्या स्वतःच्या हुशार मुलास सुतारकाम शिकवावें असें आपल्यापैकीं किती जणांच्या मनांत आलें आहे? प्रस्तुत लेखकाच्याही मनांत तें आलें नव्हतें, हें येथें कबूल केलें पाहिजे.

प्रेषित पौलाचें उदाहरण ह्या बाबतींत अधिक विचार करण्याजोगें वाटतें. तो गमलियेलाच्या चरणांजवळ शास्त्र शिकलेला पंडित होता आणि राहुट्या करणारा कारागीरही होता. करिंथांत तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरीं राहिला तो त्यांचा व त्याचा धंदा एकच होता म्हणून. ग्रंथ एका मुलासाठीं आणि दाभण दुसऱ्यासाठीं, अशी वांटणी त्याच्या बाबतींत झालेली नव्हती.

तथापि आपल्या आईबापांस दोष देण्याची घाई आम्ही करणार नाहीं. हातांच्या कामाविषयीं त्यांच्या मनांत जी अढी आहे तिला सबळ कारण आहे. आपल्यापैकीं बहुतेकांचे आजे-पणजे गांवकीच्या कामांत जन्मले. मेलेलें जनावर ओढणें, दोर वळणें, कातडें कमावणें, वेस झाडणें, सांगावा घेऊन दूरच्या गांवीं धांवणें, हीं कामें त्यांनीं निवडलेलीं नव्हतीं. तीं जन्माबरोबर अंगावर आलीं. त्यांतून बाहेर पडण्याची वाट पुस्तकानें दाखविली. मिशनच्या शाळेंत चार इयत्ता शिकलेला मुलगा मास्तर झाला, त्याची बहीण परिचारिका झाली, आणि ज्या चावडीपुढें बाप जोडे काढून उभा राहत असे तेथें मुलगा खुर्चीवर बसला. अशा घरांत कोणी परका येऊन म्हणूं लागला कीं, "तुमच्या मुलांस पुस्तकापेक्षां हुन्नर शिकवा, तें त्यांस मानवेल," तर म्हाताऱ्या आजोबांस त्यांत जुनाच आवाज ऐकूं येतो. आणि तो कान खोटा नाहीं.

ह्याची साक्ष आपल्याच देशाच्या इतिहासांत आहे. १९५३ सालीं मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी ह्यांनीं ग्रामीण प्राथमिक शाळांसाठीं एक योजना काढिली. शाळा थोड्या, मुलें पुष्कळ. म्हणून मुलांनीं दिवसाचा कांहीं वेळच शाळेंत बसावें, आणि उरलेल्या वेळांत घरीं आईबापांचा धंदा शिकावा, अशी ती योजना होती. हेतु काटकसरीचा व श्रमाच्या प्रतिष्ठेचा होता, असें त्यांचे पक्षपाती म्हणत. परंतु आईबापांचा धंदा म्हणजे काय? न्हाव्याच्या मुलानें वस्तरा, चांभाराच्या मुलानें आरी, भंग्याच्या मुलानें झाडू. लोकांनीं तिला ‘कुलधंद्याचें शिक्षण’ असें नांव दिलें आणि राज्यभर तीव्र विरोध झाला. १९५४ सालीं राजगोपालाचारी पदावरून दूर झाले, आणि त्यांच्यामागून आलेल्या कामराज ह्यांच्या मंत्रिमंडळानें ती योजना रद्द केली. आमच्या मतें तो विरोध न्याय्य होता. शाळेनें मुलास बापाच्या जागीं परत नेऊन बसविणें ह्यास शिक्षण म्हणतां येत नाहीं.

समुद्रापलीकडेही हाच वाद झाला आहे. अमेरिकेंत गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठीं बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांनीं १८८१ सालीं अलाबामा प्रांतांतील टस्कीगी येथें शाळा उघडली. तेथील विद्यार्थ्यांनीं विटा स्वतः पाडिल्या, स्वतः भाजिल्या व शाळेच्या इमारती स्वतः उभारिल्या. वॉशिंग्टन स्वतः गुलामगिरींत जन्मलेले. आधीं हुन्नर व पैसा, मग मान आपोआप येईल, असें त्यांचें म्हणणें. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्यांनीं १९०३ सालीं त्यांस जाहीर विरोध केला. ज्या लोकांस उच्च शिक्षण व नागरिकत्वाचे हक्क नाकारले जातात त्यांच्या हातीं नुसती थापी देऊन भागणार नाहीं, असा त्यांचा मुद्दा होता. दोघेही आपल्या लोकांचे मनापासून हितचिंतक होते. आपल्या मंडळ्यांत आजही हे दोन पक्ष आहेत, मग त्या दोघांचीं नांवें कोणीं ऐकिलेलीं असोत वा नसोत.

मग मिशनांनीं काय केलें? बासेल मिशन १८३४ सालीं मंगळुरास आलें. बाप्तिस्मा घेतलेल्या कित्येकांस जातीनें दूर केलें व त्यांचा पोटाचा धंदा बुडाला. तेव्हां मिशनानें विणकाम सुरू केलें, आणि १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढिला. मंगळुरी कौलांखालीं वाढलेले पुष्कळ वाचक असतील. ह्या कारखान्यांनीं अनेकांस भाकरी दिली, आणि त्याबद्दल उपकार मानलेच पाहिजेत. परंतु काम मिशनचें, घर मिशनचें, मंडळीही मिशनची, असें झालें म्हणजे मनुष्य एका धन्याच्या हातून दुसऱ्या, अधिक दयाळू, धन्याच्या हातीं जातो. अहमदनगरास (आतांचें अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक शाळा काढिली. तिला सर दिनशा पेटिट ह्यांचें नांव होतें. तेथें सुतारकामाबरोबर इतरही हुन्नर शिकविले जात. जातीनें जो धंदा बंद होता तो शाळेंत खुला झाला, ही ह्या शाळांची खरी कमाई होय. कारण ज्याच्या बापास गांवच्या सुतारानें रंध्याला हात लावूं दिला नसता तो मुलगा येथें रंधा धरूं लागला.

परंतु आमच्या मनांत सर्वांत अधिक भरतें तें केडगांवच्या मुक्तिसदनाचें उदाहरण. पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून व १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून उपाशी मुली व विधवा आणिल्या. त्यांच्यासाठीं शेती, विणकाम, स्वयंपाक, शिवण हें सर्व होतेंच. पण तेथें छापखानाही होता. रमाबाई इब्री व हेल्लेणी भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करीत, आणि आश्रमांतील मुली खिळे जुळवीत. खिळे जुळविणें हें हातांचें काम आहे. बोटें काळीं होतात, पाठ भरून येते. परंतु खिळा उलटा वाचतां आल्याशिवाय तो जुळवितां येत नाहीं. जिला कोणी अक्षर शिकविलें नसतें अशी मुलगी तेथें धंदाही शिकली आणि वाचकही झाली, आणि तिच्या हातून जें छापून निघालें तें शास्त्र होतें. रमाबाई १९२२ सालीं प्रभूकडे गेल्या.

येथें महात्मा जोतीराव फुले ह्यांचें स्मरण होतें. ते पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं जें निवेदन दिलें त्यांत प्राथमिक शाळेंत काय शिकवावें हें सांगितलें: मोडी व बालबोध वाचणें-लिहिणें, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांचें सामान्य ज्ञान, शेतीची प्राथमिक माहिती, आणि नीति व आरोग्य ह्यांवरचे कांहीं धडे. शेतकऱ्याच्या मुलास शेतीच शिकवा आणि इतिहास वगळा, असें ते म्हणाले नाहींत. इतिहास वगळून शेती शिकविली तर तो कूळ राहील, आणि शेती वगळून इतिहास शिकविला तर शेत सोडून जाईल, हें बहुधा त्यांनीं ओळखिलें असावें.

तर मग जातीचा धंदा आणि शाळेंतील हुन्नर ह्यांत भेद कोणता? आम्हांस वाटतें तो हत्यारांत नाहीं. रंधा तोच, थापी तीच. भेद इतकाच कीं जातीच्या धंद्यांत ‘कसें’ हें शिकवितात व ‘कां’ हें विचारूं देत नाहींत, आणि त्यांतून दुसरीकडे जाण्यास वाट नसते. गवंड्याचेंच पाहा. पायाची आखणी करितांना तो कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांवर खूण करितो, दुसरीवर चार फुटांवर, आणि त्या दोन खुणांमधील अंतर बरोबर पांच फूट भरेपर्यंत दोरी सरकवितो. पांच भरले कीं कोपरा गुण्यांत आला. हें तो आपल्या वस्तादापासून शिकला. तीन, चार व पांच हेच आंकडे कां, हें वस्तादासही ठाऊक नव्हतें. पलीकडे शाळेंत तोच सिद्धान्त पायथागोरसाच्या नांवानें फळ्यावर लिहिला जातो. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, मिळून पंचवीस, तो पांचाचा वर्ग. मुलें तो पाठ करितात, परीक्षेंत लिहितात, आणि आयुष्यांत एकदांही दोरी ताणून पाहत नाहींत. गवंड्याचा मुलगा जर त्याच वर्गांत असला तर त्यास हें सांगणारें कोणी नसतें कीं, बाळा, हें तुझ्या बापाला येतें. हें एवढें वाक्य गुरुजींनीं वर्गांत उच्चारिलें तर त्या मुलाचें काय होईल ह्याचा विचार करावा.

असें शिक्षण देतां येतें, हें महाराष्ट्रांतच सिद्ध झालें आहे. डॉ. कलबाग नांवाचे संशोधक मोठी नोकरी सोडून पुणें जिल्ह्यांतील पाबळ ह्या कोरडवाहू गांवीं आले, आणि १९८३ सालीं त्यांनीं तेथें विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनीं माध्यमिक शाळेसाठीं मूलभूत तंत्रज्ञानाचा एक अभ्यासक्रम आंखिला. आठवड्यांतून एक दिवस मुलें प्रत्यक्ष काम करितात: लोखंड व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य, असे चार भाग. लक्ष देण्याजोगी गोष्ट अशी कीं हा विषय नापासांसाठीं ठेविलेला नाहीं. वर्गांतील सर्व मुलें, मुलगे व मुली, चारही भाग शिकतात. मुलगी जोडकाम करिते, मुलगा स्वयंपाक करितो. दुसरी गोष्ट, शिकविण्यास गांवांतलाच हुन्नरी मनुष्य येतो. आणि तिसरी, मुलें जें करितात तें गांवाच्या उपयोगीं पडतें. कोणाच्या घरची वायरिंग, कोणाचें लोखंडी फाटक, कोणाची रक्तगट-तपासणी. बिघडलें तर गिऱ्हाईक बोलतें, आणि तें बोलणें परीक्षकाच्या गुणांहून अधिक शिकवितें. डॉ. कलबाग २००३ सालीं निवर्तले. त्यांचें काम पुढें चालू राहिलें, आणि कित्येक शाळांनीं तो अभ्यासक्रम घेतला.

मग सर्वत्र असें कां होत नाहीं? सरकारचे संकल्प थोडे नव्हते. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानें कार्यानुभवावर भर दिला. १९८६ च्या धोरणानें ठरविलें कीं उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा १० जण १९९० पर्यंत व शेंकडा २५ जण १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणांत यावे. तें जमलें नाहीं, म्हणून १९९२ सालीं त्याच आंकड्यांसाठीं १९९५ व २००० हीं सालें घातलीं. शेवटीं २०२० च्या धोरणांतच लिहिलें गेलें कीं, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार १९ ते २४ वर्षांच्या भारतीय कामकऱ्यांपैकीं औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेले शेंकडा पांचांहून कमी होते. जर्मनींत तें प्रमाण शेंकडा ७५ आणि दक्षिण कोरियांत ९६ सांगितलें आहे. तेव्हां तारखा पुढें ढकलल्यानें काम होत नाहीं हें उघड आहे.

कारणें आपणांस गांवांतच दिसतात. कित्येक शाळांत हत्यारें आलीं, तीं तपासणीच्या दिवशीं टेबलावर मांडतात आणि सायंकाळीं कपाटांत जातात. शिकविणारा कंत्राटी, त्याचें वेतन वेळेवर नाहीं, शिक्षकांच्या खोलींत त्यास बसावयास खुर्ची नाहीं. ज्याला स्वतः मान नाहीं त्यानें मुलांस श्रमाची थोरवी शिकवावी अशी अपेक्षा करणें हें जरा चमत्कारिकच आहे. लांकूड, तारा, सिमेंट ह्यांसाठीं पैसा नसतो. हत्यारांस एकदां पैसा मिळतो, पण रोज खपणाऱ्या मालाचा कोणी विचार करीत नाहीं. आणि सर्वांवर कडी म्हणजे ‘कच्चीं’ मुलें निवडून ह्या विषयाकडे लावितात. मग त्यांतून उत्तम कारागीर निघाले नाहींत म्हणून विषयासच नांवें ठेवितात.

येथें एक बाप आम्हांस प्रश्न विचारील, आणि तो रास्त आहे. "महाराज, श्रीमंताच्या मुलास दहा वेळां चुकतां येतें; माझ्या मुलास एकच संधि आहे. त्याचा एक दिवस तुम्ही लांकूड तासण्यांत घालविला आणि गुण गेले, तर भरून कोण देणार?" ह्या प्रश्नास गोड उत्तर देणें अप्रामाणिकपणाचें होईल. वाईट रीतीनें चालविलेला हुन्नराचा तास वेळ खातो, ह्यांत शंका नाहीं. तसा असेल तर बापानें तक्रार करावीच. परंतु चांगल्या रीतीनें चालला तर तोच तास गणित व विज्ञान समजावून देतो, आणि पाठांतरावर जाणारा वेळ वांचवितो. आमचें मत असें आहे कीं दहावीपर्यंत मुलांची वांटणी करूंच नये. सर्वांनीं पुस्तकही शिकावें व हातही चालवावा. जर्मनीची पुष्कळ स्तुति होते, आणि तेथें उमेदवार आठवड्यांतील कांहीं दिवस कारखान्यांत व कांहीं दिवस शाळेंत शिकतो ही रीत खरोखर उत्तम आहे. परंतु तेथील बहुतेक प्रांतांत मुलें साधारण दहा वर्षांचीं असतांनाच त्यांच्या शाळा वेगळ्या होतात. ही गोष्ट आपण घेऊं नये. जात ज्या देशांत अजून जिवंत आहे तेथें दहाव्या वर्षीं कोणता मुलगा कोणत्या बाजूस जाईल हें सांगावयास ज्योतिषी नको.

दहावीनंतर निवड यावी. पण पुढील वाट मोकळी असली पाहिजे, आणि ती आहे हें मुलांस सांगितलें पाहिजे. आपल्या राज्यांत दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआयचा अभ्यास पुरा केलेल्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षीं जाण्याची सोय आहे, आणि पदविकेवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षीं. पहिल्या परिच्छेदांतील त्या मुलास हें कोणीं सांगितलें होतें काय? त्याच्या बापास तरी ठाऊक होतें काय? उपदेशक बंधूंनो, आपण घरोघर जातां. हें आपण सांगूं शकतां.

आतां हें करावयाचें कोठें? बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यानें सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेंत व्यवस्थापन समिति असावी असें ठरविलें आहे, आणि तिच्या सभासदांपैकीं तीनचतुर्थांश मुलांचे पालक असावे लागतात. निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आपल्या मंडळींतील कित्येक जण ह्या समितींत आहेत, आणि बहुधा सही करून परत येतात. सहावी ते आठवीचे ते दहा दिवस ह्याच शाळांत यावयाचे आहेत. ते कोणाजवळ काढावयाचे हें सभेंत विचारावें. गांवांत चांगली शिवणारी बाई आहे, मोटार दुरुस्त करणारा आहे, पाणसळ धरून भिंत चढविणारा गवंडी आहे. त्यांस शाळेनें आदरानें बोलवावें व त्यांच्या वेळाचें मोल द्यावें असें सुचवावें. मुली केवळ शिवणाकडे व मुलगे केवळ विजेकडे जात नाहींत ना, हें पाहावें. सरपंचाचा व गुरुजींचा मुलगाही त्या दिवशीं येतो काय, हेंही पाहावें. ह्या एका गोष्टीवरून बाकीचें बरेंच कळतें. आणि उठण्यापूर्वीं मुख्याध्यापकांस नम्रपणें विचारावें कीं, साहेब, हत्यारांच्या कपाटाची किल्ली कोणाजवळ असते, आणि मागच्या महिन्यांत तें किती वेळां उघडलें?